रंगाआधी सांगाडा बघा

महोदय,

जाहिरातीतला पुतळा गावाची ओळख झाला, की त्याचे लाड सगळे करतात, देखभाल कुणीच करत नाही. दुकान बंद पडते, लोक म्हणतात 'पुतळा ठेवा', मग कुणीतरी ऑइल पेंटचे डबे आणून तो चकाचक करतो. फोटो झकास येतात. दोन-तीन पावसाळ्यांत अंगावर उभ्या भेगा दिसू लागतात.

असे बहुतेक पुतळे फायबरचे आणि पोकळ असतात. कवच जेमतेम 4 ते 6 मिलिमीटर, आत लोखंडी सांगाडा. उन्हाने वरचा जेलकोट, म्हणजे राळेचा बाहेरचा गुळगुळीत थर, खडूसारखा पांढरा पडतो, ते नुकसान वरवरचे. बोल्टच्या भोकांतून आणि जोडांतून आत झिरपलेले पाणी पायाशी साचते, तिथे खरा घात होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि कवच आतून फोडतो. वरच्या रंगाने भेग तेवढी झाकली जाते.

म्हणून आधी पाठीमागे झाकण कापून टॉर्चने सांगाडा पाहावा. कवचावर लाकडी हातोडीने हलके ठोकावे. बद्द आवाज आला तर थर सुटले आहेत. सर्वांत खालच्या जागी 10-12 मिलिमीटरची निचऱ्याची भोके हवीत. ती हमखास विसरली जातात, किंवा रंगारी पुट्टी भरून बुजवतो! भेगेच्या कडा कवचाच्या जाडीच्या किमान 12 पट रुंदीत उतरत्या घासून मगच रेझिनमध्ये (राळेत) भिजवलेल्या मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, थर द्यावेत. रेझिन घट्ट करणारा हार्डनर रेझिनच्या 1 ते 2 टक्के. जास्त झाला तर रेझिन तापून तडकते, कमी पडला तर चिकट राहते. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालतात ते द्रावण) आणि हार्डनर थेट एकत्र करू नयेत, भडका उडतो. शेवटी प्रायमर आणि पीयू (पॉलियुरेथेन) पेंट. मूळ छटा कानामागे किंवा टोपीच्या काठाखाली, जिथे ऊन पोचत नाही तिथे, ब्लेडने थर खरवडून शोधावी. जुन्या फोटोंवर विसंबू नये, त्यांचे रंग उडालेले असतात.

हक्कांचे कागदही हवेत. स्पेनमध्ये 1988च्या कायद्याने हमरस्त्यांलगतच्या जाहिराती हटल्या, तेव्हा ऑस्बोर्न कंपनीने आपल्या पत्र्याच्या काळ्या बैलावरचे नाव पुसले. 1997 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बैल राहू दिला. सॅन फ्रान्सिस्कोत एका बंद पडलेल्या उपाहारगृहांच्या साखळीचे कुत्र्याचे मुंडके 2001 मध्ये वाऱ्याने पडले. शहराने ते दुरुस्त करून उभारले आणि 2006 मध्ये वारसायादीत घातले. ओळख जनतेची झाली म्हणून ट्रेडमार्क जनतेचा होत नाही, हे उत्साहात विसरले जाते.

तेव्हा पुतळा ताब्यात घेणाऱ्या नगरपालिकांनी मालकाकडून लेखी हस्तांतर, चित्र वापरण्याची परवानगी आणि जमल्यास मूळ साचा मागून घ्यावा. साचा नसेल तर दुरुस्तीआधी त्रिमितीय स्कॅन करावा. आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी निचऱ्याची भोके कोण साफ करणार, हे करारातच लिहावे.

– एक वाचक