कुलूप बदलायचं नाही

पुणे, १२ जून

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

करार संपूनही भाडेकरूंनी तुझं घर सोडलं नाही म्हणून काल फोनवर तू म्हणालास, "आई, सरळ कुलूप बदल, नाहीतर सोसायटीला सांगून त्यांचं पाणी बंद करायला लाव." मी गप्प बसले. रागात बोललं की भांडणच होतं, म्हणून लिहितेय.

ताईच्या वेळी मला सातवा महिना होता तेव्हा आम्ही नारायण पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मालकांना जागा हवी होती. ते काही बोलले नाहीत, नोटीस नाही, निरोप नाही. एका सकाळी चौकात गेले तर नळाच्या तोटीला सायकलची साखळी गुंडाळलेली आणि तिला छोटंसं पितळी कुलूप. तोटी फिरते का बघायला गेले तर साखळीचं काळं वंगण कळशीच्या काठाला लागलं. ते चिंचेनं घासूनही निघालं नाही. तेरा दिवस मी समोरच्या वाड्यातून पाणी आणलं. तू म्हणतोस ते करायचं म्हटलं की मला ती कळशीच दिसते.

भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडणं हा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कुलूप बदललंस तर पोलिसांत तक्रार आपल्यावरच होईल. घर तुझं असलं म्हणून काय झालं!

आणि याची गरजही नाही. आठवतं ना, "अकरा महिन्यांचा तर करार, नोंदवायचा कशाला?" म्हणून तू वैतागला होतास? कलम ५५ प्रमाणे अकरा महिन्यांचा असला तरी करार नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची असते. नोंदवला नसता तर अटींबद्दल ते सांगतील ते खरं धरलं गेलं असतं, आपण उलट सिद्ध करेपर्यंत.

आपला लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहायला परवानगी देणारा करार, ३१ मेला संपला. कलम २४ खाली आता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्यांना प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर आपला अर्ज मान्य होतो. करारात लिहिलेलं तिथे निर्णायक पुरावा धरतात. शिवाय मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत दुप्पट रक्कम, म्हणजे आपल्या २२,००० चे महिना ४४,००० मागता येतात.

वाड्यातल्यासारखी जुनी भाडेकरूगिरी असती तर गोष्ट वेगळी होती. तिथे कारण दाखवावं लागतं: स्वतःला खरंच गरज आहे, पोटभाडेकरू ठेवलाय, जागा सहा महिने विनाकारण बंद आहे, असं काही. भाडं थकलं तरी आधी लेखी मागणीची नोटीस देऊन नव्वद दिवस थांबायचं, मग लघुवाद न्यायालय, मग अपील. माणसं म्हातारी होतात त्यात.

मी परवा त्यांच्याकडे जाऊन आले. त्यांच्या वाकडच्या नव्या फ्लॅटचा ताबा लांबलाय, पुढच्या महिन्यात मिळेल म्हणतात. बायकोनं चहा केला, पण डोळे वर करत नव्हती. मी ३१ जुलैपर्यंत थांबायला तयार आहे, फक्त तोंडी नाही. वकिलांनी सांगितलंय, 'मुदतवाढ' हा शब्द लिहायचा नाही, 'अमुक तारखेला ताबा देतो' अशी कबुली सहीनिशी घ्यायची. मधल्या महिन्यांचे पैसेही भाडं म्हणून नाही, वापराची भरपाई म्हणून घ्यायचे. १ ऑगस्टला घर मोकळं नसेल तर त्याच दिवशी अर्ज टाकू.

त्यासाठी मला तुझं मुखत्यारपत्र लागेल. तिकडच्या नोटरीकडून करून स्पीड पोस्टानं पाठव. करार आणि इंडेक्स टू (करार नोंदवल्याचा सरकारी उतारा) गोदरेजच्या कपाटात, निळ्या फायलीत आहेत. तू त्यांना फोन करू नकोस. शनिवारी मीच कागद घेऊन जाते.

तुझी,
आई