पेंगणाऱ्या मुलांविषयी

ठाणे

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. तासाला पेंगणाऱ्या मुलांना तू अजून बाकावर उभे करतोस हे वाचून हसू आले, कारण गेल्या वर्षापर्यंत मीही तेच करीत होतो.

बारावी कला शाखेवर माझा अर्थशास्त्राचा तास सकाळी सात दहाला असतो. जुलैत तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाची वही मी सहज उचलली. ‘मागणीची लवचीकता’ इथपर्यंत अक्षर वळणदार होते. त्यातल्या शेवटच्या कान्यापासून पेनाची रेघ तिरकी घसरत समासाबाहेर गेली होती आणि खाली एकदम उदाहरणाचा शेवट लिहिलेला होता. चौकशी केली तेव्हा कळले, की तो आसनगावहून येतो, पावणेपाचला उठतो, कॉलेज सुटल्यावर गोखले रोडवरच्या एका दुकानात रात्री नऊपर्यंत काम करतो आणि घरी पोहोचेपर्यंत साडेदहा वाजून जातात. जेवण आणि थोडा मोबाइल धरला, तर झोपेला उरतात जेमतेम पाच तास. या वयाला आठ ते दहा तास लागतात. ही उधारी रोज वाढत जाते आणि तिची वसुली माझ्या तासाला होते.

आमच्या जीवशास्त्राच्या बाईंनी आणखी एक गोष्ट समजावून सांगितली. वयात येताना शरीरातले घड्याळच मागे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागते, त्यामुळे लवकर आडवे झाले तरी या मुलांचा डोळा लागत नाही आणि सकाळी सातला त्यांच्या शरीराच्या लेखी अजून रात्रच असते. कॅलिफोर्नियात 2022 पासून माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांना साडेआठच्या आधी भरण्यास कायद्याने मनाई आहे, ती याच कारणाने. आपल्याकडे 2024 मध्ये शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरले खरे, पण ते चौथीपर्यंतच! जी पोरे आपणहून पहाटे उठून घर डोक्यावर घेतात, त्यांना सवलत मिळाली आणि ज्यांना ती खरी हवी, ते सातच्या तासाला तसेच राहिले.

मात्र सगळा दोष घड्याळावर ढकलण्याइतका मी निर्मळ नाही. मागे वाशीला शिक्षकांचे प्रशिक्षण होते. दुपारी अडीचची वेळ, दारेखिडक्या बंद, वातानुकूलित सभागृह आणि व्याख्याते पडद्यावरचे वाक्य न् वाक्य वाचून दाखवीत होते. पहिल्या रांगेत मी चक्क घोरलो, असे शेजारच्यांनी नंतर सांगितले. दुपारची ही गुंगी केवळ जेवणाने येत नाही, उपाशी माणसालाही ती येते; त्यात कोंदट खोलीत सर्वांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचत जातो. परत आल्यावर मी हॉर्नच्या गोंगाटामुळे बंद ठेवलेल्या वर्गाच्या खिडक्या उघडल्या, टिपणे उतरवून देणे बंद केले आणि वडापावची किंमत वीस रुपयांची पंचवीस झाली तर कोण किती खाईल, यावर मुलांनाच भांडायला लावले. त्या दिवशी आसनगावचा गडी शेवटपर्यंत जागा होता. दुसऱ्या दिवशी मात्र दहाव्या मिनिटाला त्याची मान पुन्हा पुस्तकावर टेकली.

पहिला तास साडेआठला घ्यावा, असा अर्ज मी लिहून तयार केला होता. तो देण्यापूर्वी वर्गात वाचून दाखवला, तर सर्वांत आधी त्यानेच हात वर केला. “सर, मग आम्ही दुकानात एक वाजता कसे पोहोचणार?”

अर्ज अजून माझ्या खणात आहे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
माधव