भिंतीतला हिरवा कागद

लीड्स, शनिवार रात्र

प्रिय विज्या,

तब्येती सगळ्यांच्या ठीक. माझी कंबर तेवढी धरली आहे, ती कागद सोडवायचा वाफेचा स्टीमर उचलून. व्हॉट्सॲपवर दोन फोटो टाकले असते तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास. हे तसं उरकण्यातलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

ओवीच्या खोलीचा जुना वॉलपेपर काढायला घेतला आहे. घर 1880च्या सुमाराचं, लाल विटांचं, चाळीसारखं ओळीतलं. इथे कागद जुना झाला की त्याच्यावरच नवा डकवून टाकायचे, त्यामुळे एकेका भिंतीत तीन-चार पिढ्या निघतात. सगळ्यात वर वुडचिप, म्हणजे लाकडाचा चुरा घातलेला कागद. भिंतीचे खड्डे झाकायला एके काळी तो इथे घरोघर लागला. त्यावर रंगाचे इतके हात बसलेत की पाणी आत मुरतच नाही. आधी काट्यांचं चाक फिरवून भोकं पाडायची, मग वाफेची पाटी धरायची आणि कागद ढिला झाला की रुंद पात्याने खालून वर सोडवत जायचं. घाई केली की गिलाव्याचा पोपडा हातात येतो. तुमच्या वाड्याच्या चुन्यात ताग आहे, इथल्या चुन्यात घोड्याचे केस. वाफ जास्त झाली की तो सुटतो आणि बोटाने वाजवलं तर पोकळ वाजतो.

वुडचिपखाली नारिंगी-तपकिरी, ताटाएवढी फुलं. मुग्धा म्हणाली, तुझ्या लग्नातला शर्ट सापडला. (रागावू नकोस, तो शर्ट सगळ्यांच्याच लक्षात आहे.) त्याखाली सायीच्या रंगाचा एक पातळ कागद. वाफ तिथपर्यंत पोचली आणि खोलीभर खळीचा वास सुटला. पिठाची जुनी खळ, विज्या! हॉस्टेलच्या मेसमधून मैदा लंपास करून तू स्टोव्हवर शिजवायचास आणि मासिकातल्या नट्या कापून भिंतीवर लावायचास, तोच वास. इथे टेम्पल न्यूसम नावाची मोठी हवेली आहे. तिथल्या एका दिवाणखान्यात हाताने रंगवलेला चिनी कागद आहे. तो 1820च्या दशकात लावला, तेव्हा हवेलीची मालकीण लेडी हर्टफर्ड हिला त्यात पक्षी कमी वाटले. तिने ऑड्युबन या पक्षीचित्रकाराचे पक्षी चक्क त्याच्या पुस्तकातून कापून त्यावर चिकटवले. त्या पुस्तकाची प्रत आज कोट्यवधी रुपयांना जाते. मी तिथे उभा राहून मुग्धाला म्हटलं, ही बाई विज्याच्या घराण्यातली.

आता मुद्द्यावर येतो. धुराड्याच्या बाजूच्या कोपऱ्यात, सगळ्यात तळाशी, हिरवा कागद निघाला. बारीक पानांची नक्षी आणि हिरवा असा, की शंभर वर्षं अंधारात राहूनही ताजा. मी स्टीमर बंद केला. खिडकी उघडली. ओवीला खाली पाठवलं.

का, ते तुला सांगायला नको. 1775 साली शील या रसायनशास्त्रज्ञाने केलेला हिरवा आणि 1814 पासून आलेला त्याहून झळझळीत हिरवा, दोन्ही तांबं आणि सोमल यांचे, म्हणजे आर्सेनिकचं विष. त्या शतकात इथल्या घराघरांत तो रंग भिंतींवर होता. खुद्द विल्यम मॉरिस या नामवंत नक्षीकाराच्या सुरुवातीच्या कागदांत सोमल सापडला आहे, आणि तो सोमल काढणाऱ्या डेव्हनमधल्या खाणीत त्याच्या घराण्याचे शेअर होते. या कागदावर इथे कायद्याने बंदी अशी कधी आलीच नाही. लोक घाबरून मागेनासे झाले आणि कारखानदारांनी रंग बदलले. आमचं घर नेमकं त्या उतरत्या काळातलं, म्हणजे हा हिरवा त्यातला असेलही, नसेलही.

त्यात या भिंतीला ओल आहे. गोझिओ या इटालियन शास्त्रज्ञाने 1890च्या दशकात दाखवलं की असल्या रंगावर बुरशी चढली तर लसणासारखा वास येणारा वायू सुटतो. तो वायू म्हणजे ट्रायमिथाइल आर्सिन, हे 1930च्या दशकात ओळखलं चॅलेंजरने, आणि तो प्राध्यापक कुठला, तर लीड्स विद्यापीठातला! माझ्या रोजच्या बसच्या रस्त्यावरचं विद्यापीठ. पुढे त्या वायूबद्दलची भीती बरीच ओसरली. खरी काळजी धुळीची, कोरडं खरवडलं तर नाकातोंडात जाणाऱ्या कणांची. हे सगळं मला कळतं. वरचे तीन थर मधे होते, रंग बाहेर आलेला नव्हता, हेही कळतं.

पण ओवीची उशी त्याच भिंतीला होती, विज्या. गेले दोन हिवाळे ती खोकते आहे. डॉक्टर म्हणतात, या हवेत सगळीच मुलं खोकतात. दिवसा मला ते पटतं. रात्री दोन वाजता पटत नाही. मी उठून तिच्या दाराशी जातो आणि श्वास ऐकत बसतो. ती आता आमच्या खोलीत झोपते, तरीही. मुग्धाला मी यातलं निम्मंच सांगितलंय. तिचं म्हणणं, वरून जाड अस्तराचा कागद लावून रंग देऊ, आतलं आत राहू दे. मला ते जमणार नाही. तिथे काय आहे ते ठाऊक असताना त्या भिंतीशी लेकीला झोपवायचं कसं?

तुकडा ओला करूनच कापला, दोन पिशव्यांत बंद करून तपासायला पाठवला. उत्तर यायचंय. दार टेप लावून बंद केलंय.

आता तू काय म्हणशील तेही ऐकू येतंय. तुमच्या माजघरात दिवाळीआधी चुना खरवडताना जुन्या भित्तिचित्रातल्या हत्तीची सोंड निघाली होती, तेव्हा मी म्हणत होतो थांब, मेणवलीच्या चित्रांच्या वाड्यात जाऊन कोणा जाणत्याला विचारू. तू म्हणालास, पूर्ण हत्ती बघितल्याशिवाय जेवणार नाही. सोंडेसकट पोपडा खाली आला आणि काकांनी संध्याकाळी त्यावर चुना फासला. त्यावरून आपण महिनाभर बोललो नव्हतो. माझं मत अजून तेच आहे, तुझं चुकलंच. पण त्या दिवशी तू भिंतीकडे ज्या डोळ्यांनी बघत होतास तसा मी या कोपऱ्याकडे बघतो, म्हणून तुलाच लिहितोय. ती पानं सुंदर आहेत रे. विष निघालं तरी सुंदरच.

तुझ्या बदलीचं काय झालं? काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्याआधी उरकून घ्या. चिरंजीवाला बारावीसाठी शुभेच्छा, आणि वहिनींना सांग की लसणाची चटणी संपली.

तू रोज पोरांना रसायनशास्त्र शिकवतोस, तेव्हा नीट विचार करून सांग: तपासणीत सोमल निघालाच, तर कागद ओला ठेवून थरासकट उतरवू, की त्या भिंतीचा गिलावाच विटेपर्यंत पाडायला माणूस लावू? आणि ओवीचं रक्त-लघवी तपासून घेण्यात आता, इतक्या दिवसांनी, काही अर्थ आहे का? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. बुधवारी रात्री मुग्धा कामावर असते, तेव्हा फोन कर. तुझ्याकडे उशीर होईल, पण जागा राहा.

तुझा,
अव्या