आमचा लोडर लाकूडकामासाठी सज्ज करून देणाऱ्या मिस्त्री काकांस

आदरणीय मिस्त्री काका,

सादर नमस्कार.

नांदेडच्या आपल्या शेडमधून आमचा लोडर, म्हणजे रबरी पट्ट्यांवर चालणारे, पुढे बकेट असलेले वजन उचलायचे यंत्र, बाहेर पडला, त्याला आता एक हंगाम पुरा झाला. त्या दिवशी गाडी ट्रेलरवर चढवण्याच्या घाईत मी बिलाचे पैसे आपल्या हाती ठेवले आणि निघालो. आभाराचे दोन शब्दही धड बोललो नाही, ही रुखरुख मनात राहिली. हे पत्र मी सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. आपण आमच्यासाठी जे बनवले त्याइतकेच, आपण जे बनवण्यास ठाम नकार दिला तेही, लाकडाच्या कामात यंत्र घालू पाहणाऱ्या प्रत्येकाला कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आमचे काम आपणांस ठाऊक आहे. किनवट आणि माहूर भागात शेतकऱ्यांनी बांधावर व हलक्या रानात लावलेला सागवान रीतसर परवानगी घेऊन तोडला जातो, वनविभागाचा हातोडा ओंडक्यांवर उमटतो, वाहतुकीचा परवाना मिळतो, आणि मग खरा प्रश्न उभा राहतो तो शेतातून रस्त्यापर्यंत ओंडके आणण्याचा. चाकांचे जड यंत्र काळ्या रानात घातले की त्याची चाकोरी पुढच्या पेरणीपर्यंत शेतकऱ्याच्या डोळ्यांत सलते. रबरी पट्ट्यांचा लोडर आपले वजन रुंद पट्ट्यांवर पसरतो, म्हणून जमीन कमी दाबली जाते. याच कारणाने मी तो जुना, मातीकामाचा लोडर विकत घेतला. मातीकाम आणि लाकूडकाम यांत किती अंतर आहे, हे मात्र मला पहिल्याच आठवड्यात कळले.

त्या आठवड्यात माझा धाकटा चुलतभाऊ बकेटने फांद्यांचा ढीग सारत होता. केबिनला पुढे दार नव्हते. दबलेली एक सागाची फांदी बकेटच्या काठावरून निसटली आणि थेट आत घुसून सीटच्या पाठीला, त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर, आदळली. सीटचे रेक्झिन फाटून आतला फोम बाहेर आला होता. मी यंत्र त्याच क्षणी बंद केले. दुसऱ्या एका वर्कशॉपने मला सांगितले की केबिनच्या खांबांना लोखंडी जाळी वेल्ड करून संध्याकाळपर्यंत गाडी देतो. आपल्याकडे मी आलो तो केवळ दर विचारायला.

आपण दर सांगितलाच नाही. केबिनमध्ये वाकून, कापडाने धूळ पुसून, आपण मला चौकटीवरची एक छोटी पाटी दाखवली. ही चौकट यंत्र उलटले तर माणूस चिरडू नये यासाठी किती वजनाच्या यंत्राकरिता तपासली आहे, ते त्या पाटीवर लिहिलेले होते. आपण म्हणालात, या खांबाला मी वेल्डिंगही करणार नाही आणि छिद्रही पाडणार नाही, कारण उष्णतेने पोलादाचा गुण बदलतो आणि मग ही पाटी खोटी ठरते. माझ्या तीस वर्षांच्या धंद्यात यंत्राबद्दल इतके मोलाचे वाक्य मी ऐकलेले नाही. पुढची सगळी जाळी आपण खांबांना कवळणाऱ्या क्लॅम्पांवर आणि कंपनीने आधीच दिलेल्या बोल्टच्या जागांवर बसवली. त्यात चार दिवस जास्त गेले आणि मी दोनदा कुरकुरलो, याबद्दल क्षमा असावी. जाळी, पोटाखालचा पत्रा आणि बकेटच्या जागी ओंडके पकडणारा पंजा बसल्यावर आपण यंत्र जिनिंगच्या काट्यावर नेऊन तोलायला लावले, आणि एकूण वजन पाटीवरच्या आकड्याच्या आत आहे हे पाहिल्यावरच हात पुसले.

पुढच्या दाराला काच नको, अ‍ॅक्रिलिकही नको, बारा मिलिमीटरचे पॉलिकार्बोनेटच हवे, हा आपला आग्रह होता. ते डिझेलने किंवा थिनरने पुसले तर त्यावर बारीक तडे जातात, म्हणून फक्त साबणाचे पाणी वापरायचे, हे आपण माझ्या भावाकडून तीन वेळा वदवून घेतले होते. तो आजही दाराजवळ साबणाच्या पाण्याची बाटली ठेवतो.

झुडपे भुगा करणारा मल्चरही लावून द्या, अशी माझी हौस होती. पुढे जोडलेली अवजारे चालवणाऱ्या दाबाच्या तेलाचा प्रवाह आमच्या यंत्रात साधा आहे आणि मल्चरच्या मोटरला त्याहून बराच मोठा प्रवाह लागतो. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर असताना तेल उकळेल आणि पंप जाईल, असे सांगून आपण ती ऑर्डर परत केली. हातची मोठी कमाई अशी सोडून देणारा माणूस मी बाजारात फार पाहिलेला नाही. पंज्याला मात्र तेलाचे दोनच होज (नळ्या) आणि साधा प्रवाह पुरतो, म्हणून आपण पंजा बनवून दिला, तोही यंत्रापासून वेगळा, खाली जमिनीवर वेल्ड करून. त्याला यंत्राशी जोडणाऱ्या पट्टीच्या दोन्ही खिट्ट्या खालच्या भोकांतून आरपार आल्या आहेत का, हे खाली वाकून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पंजा उचलायचा नाही, हा नियम आमच्याकडे आता देवाच्या दिव्यासारखा पाळला जातो.

वजनाचे गणित आपण खडूने शेडच्या फरशीवर मांडले होते, ते मी नंतर वहीत उतरवून घेतले. पट्ट्यांच्या लोडरची कामाची क्षमता उलटण्याच्या वजनाच्या, म्हणजे जेवढे उचलल्यावर यंत्र पुढे कलंडते त्या वजनाच्या, 35 टक्के धरतात, चाकांच्या लोडरची 50 टक्के. आमच्या यंत्राचे उलटण्याचे वजन 2,600 किलो, म्हणजे क्षमता 910 किलो. पंजा बकेटपेक्षा सुमारे 180 किलो जड, म्हणून उरले 730. चार मीटर लांबीचा, चाळीस सेंटिमीटर जाडीचा ओंडका भरतो अर्धा घनमीटर; सुकलेला साग घनमीटरला साधारण 650 किलो, ओला त्याहून बराच जड. त्यामुळे ओला ओंडका एका खेपेला एकच, तोही जमिनीपासून जेमतेम वर, आणि उतारावर भरलेले यंत्र उलटे, मागच्या बाजूने उतरवायचे, म्हणजे जड बाजू चढाकडे राहते. आम्ही पूर्वी दोन-दोन ओंडके उचलत होतो, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

पट्ट्यांविषयी आपण जे शिकवले त्याने माझे सर्वांत जास्त पैसे वाचले. रबराच्या आत पोलादी दोऱ्या असतात. तोडलेल्या झाडाच्या टोकदार खुंटावर यंत्र जागच्या जागी गर्रकन फिरवले की रबर चिरते, पाणी आत शिरते आणि दोऱ्या गंजतात. म्हणून आता आम्ही तोडणाऱ्यांना खुंट जमिनीलगत कापायला सांगतो आणि वळण पुढे-मागे करत घेतो. पट्टा ज्यांवरून फिरतो त्या रोलरांमधली काळी माती ओली असते तोवरच खरवडायची, कारण रात्री सुकली की ती विटेसारखी होते आणि सकाळी पट्टा ओढू लागताच रोलरवर ताण येतो. हे काम रोज संध्याकाळी होते, कितीही उशीर झाला तरी.

पोटाखालच्या पत्र्याला आपण बिजागरी आणि साफसफाईची खिडकी ठेवली, ती का ते मला मार्च उजाडल्यावर समजले. सागाची वाळलेली पाने त्या खिडकीतून टोपलीभर निघतात. ती सायलेन्सरपाशी साठली असती तर काय झाले असते, हे सांगायला नको. होजवर चढवलेले जुन्या अग्निशमन पाइपचे कापड अजून शाबूत आहे. तेलाची बारीक गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून पाहायची, कारण त्या दाबाचे तेल कातडी भेदून आत जाते, हे आपले बोलणे माझ्या भावाने केबिनमध्ये लिहून चिकटवले आहे.

या जातीच्या छोट्या लोडरचा जन्म 1957 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सिरिल आणि लुई केलर या दोन भावांच्या दुरुस्तीच्या दुकानात झाला. टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला अरुंद जागेत खत उपसायचे होते, म्हणून त्यांनी तो बनवला. हे वाचले तेव्हा मला आपल्या शेडची आठवण झाली. गिऱ्हाइकाची अडचण आधी नीट ऐकून घ्यायची आणि मगच लोखंडाला हात लावायचा, ही रीत मी आपल्याकडे पाहिली.

फेब्रुवारीत आणखी एक फांदी निसटली. ती दारावर आदळली, पॉलिकार्बोनेटवर हातभर ओरखडा उमटला आणि फांदी बाजूला पडली. भाऊ यंत्र बंद करून खाली उतरला, पाणी प्यायला आणि पुन्हा कामाला लागला. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या काकूंनी, आपणांस नमस्कार कळवला आहे.

पंज्याच्या पिना आणि बुश आता थोडे ढिले झाले आहेत. पावसाळा संपला की गाडी आपल्याकडेच घेऊन येतो. या वेळी आपण म्हणाल तितके दिवस थांबेन.

आपला कृतज्ञ,
किनवट तालुक्यातील एक लाकूड वाहतूक कंत्राटदार