पहिली स्लाइड मावशींना दाखवलीत त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. जत तालुक्यातल्या आम्हा मेंढपाळांचं हे पत्र. उघडच लिहितोय, म्हणजे इतर वाड्यांवरही वाचलं जाईल.

माडग्याळ मेंढ्यांसाठी जंतांच्या औषधाच्या बाटल्या घेऊन आजवर पुष्कळ जण आले. लहानमोठं सगळं जनावर एका रांगेत, सगळ्यांना एकच माप, की चालले. वजन कुणी केलं नाही, पंधरा दिवसांनी लेंडी तपासायला कुणी फिरकलं नाही. मेंढी मेली की ‘तुम्ही चारा घालत नाही’ हे ऐकवायला मात्र हजर. ४० किलोच्या मेंढीला ३० किलोचा डोस गेला की कच्चे जंत मरतात, चिवट उरतात आणि पुढची सगळी पैदास त्या चिवटांची होते, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं.

परजीवी आणि प्रतिकारशक्ती यांच्या संशोधनात तुमची उमर गेली. तरी वाड्याच्या कडेला पत्र्याच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडलात, स्लाइड नीट लावलीत, खुर्चीवरून उठलात आणि कळपाच्या मालकीण मावशींना तिथं बसवलंत. त्यांना आधी काळ्या कडेचे हवेचे बुडबुडेच दिसत होते. तुम्ही उन्हात उभ्या राहून सांगत राहिलात, ‘लांबट गोल, पातळ कवचाचं, आत दाणे दाणे.’ जंताचं अंडं सापडलं तसा मावशींनी तोंडाला पदर लावला. मग तुम्ही म्हणालात, ‘आता स्लाइडवरच्या रेघांमधली तुम्हीच मोजा.’ इतक्या वर्षांत आमच्या जनावराचं दुखणं आमच्या डोळ्यांना कुणी दाखवलं नव्हतं. शिकलेली माणसं पुष्कळ भेटली, पण स्वतःची खुर्ची रिकामी करून देणारं माणूस पहिल्यांदा भेटलं.

मोजणी आता आमच्या हातात बसलीय. ३ ग्रॅम लेंडी, ४२ मिली मिठाचं संपृक्त पाणी, कुस्करून बारीक जाळीतून गाळायचं, स्लाइडचे दोन्ही कप्पे भरून ५ मिनिटं थांबायचं. अंडी तरंगून वर येतात. दोन्ही कप्प्यांतली मिळून जितकी भरतील त्याला ५० ने गुणलं की एका ग्रॅममधली अंडी. लेंडी मेंढीच्या गुदद्वारातूनच काढायची, भुईवरची उचलायची नाही. पिशवी उन्हात राहिली तर अंडी फुटून अळ्या बाहेर पडतात आणि आकडा खोटा कमी येतो. अंड्यावरून जंताची जात नेमकी ओळखू येत नाही, म्हणून खालची पापणीही उलटून, पांढरी पडलीय का ते बघायची, हे तुम्ही बजावलंत. हिमॉन्कस नावाचा जंत मेंढीच्या चौथ्या पोटात बसून रक्त पितो. एक जंत दिवसाला ०.०५ मिलीच्या आसपास, म्हणजे ५,००० असले तर पाव लिटर. हगवण नसतानाही मेंढी पांढरी पडते आणि जबड्याखाली पाणी उतरतं, त्याचं कारण हेच.

प्रतिकारशक्तीचं तुम्ही सांगितलंत ते तर वाड्यावर अजून चघळलं जातंय. कोकराची ताकद सहाएक महिन्यांनी भरते. मेंढी विण्याच्या सुमाराला तिची ढिली पडते, लेंडीतली अंडी वाढतात, आणि पुढे कोकरू चरायला तोंड लावतं ते त्याच गवताला. म्हणून गाभणीला शेवटचा दीड महिना पेंड. कळपातले बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात, तेव्हा औषध पांढऱ्या पापणीवाल्यांनाच. बाकीच्यांतले जंत औषधाला न सरावलेले राहिलेलेच बरे. ऑस्ट्रेलियात २०१४ साली आलेल्या लसीचं ऐकून मावशी दोन दिवस तेच बोलत होत्या: लस जंताच्या आतड्यातल्या प्रथिनांची, त्यातून मेंढीच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, आणि रक्त पिता पिता जंत तीच गिळतो.

या वेळी औषध द्यायची प्रत्येक मेंढी काट्यावर घेतली, मगच जिभेच्या मुळाशी औषध सोडलं. पांढऱ्या पापणीच्या १० मेंढ्यांची औषधाआधीची मोजणी वहीत आहे आणि त्यांच्या कानांना रंग लावलाय. रविवारी चौदावा दिवस. मोजायला मावशीच बसणार आहेत. आकडा लगेच कळवतो. अंड्यांतली घट ९५ टक्क्यांहून कमी निघाली, तर औषध कोणतं बदलायचं ते मात्र तुम्हीच सांगा.

आपले ऋणी,
माडग्याळ भागातले मेंढपाळ