आई-बाबा, पोळ्या पुन्हा सुरू करा

पुणे

ती. आई आणि बाबांना,
सा. न. वि. वि.

पार्सल काल मिळालं. राजगिऱ्याचे लाडू, अनारशाचं पीठ, भडंग, सगळं नीट पोचलं. आई, भडंगात हिंग नाही आणि लसूण जास्त आहे, हे पहिल्या घासाला कळलं. मेतकूटही घातलं नाहीस. माझ्या सीलिअ‍ॅकमुळे, गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होणाऱ्या या आजारामुळे, मला गहू चालत नाही ना. पुडीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, मेतकुटाच्या भाजणीत मूठभर गहू असतो, हे सगळं तू पाकिटं वाचून आणि विचारून शोधलंस. सांगलीचं भडंग आता मला मिळतं ते तुझ्या हातचंच.

नागपंचमीचे दिंडही अजून जिभेवर आहेत. कणकेऐवजी तांदळाची उकड घेऊन तू पुरण भरलंस, हळदीच्या पानावर वाफवलंस, वर तूप. सणाच्या दिवशी सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या पंगतीत, तेच खायला मिळालं. त्याचं मोल मला शब्दांत सांगता येणार नाही.

तरी पुरणपोळीची आठवण जात नाही. पुरण मला चालतं, कटाची आमटी चालते. हवीशी वाटते ती पोळी, तव्यावर टम्म फुगणारी आणि तोडताना किंचित ताणली जाणारी. तो ताण ग्लुटेनचाच. शाळूच्या पिठात तो नाही, म्हणून भाकरी थापावी लागते, लाटायला गेलं की चिरते. माझ्या आतड्याला नेमकं ते ग्लुटेनच चालत नाही. (मावशीला सांग, खपलीसुद्धा गहूच. तिने प्रेमाने सुचवलंय, पण मला चालणार नाही.)

आता मुख्य गोष्ट. दादा म्हणाला, तुम्ही दोघांनीही उन्हाळ्यापासून गहू सोडलाय. लेकीला चालत नाही ते आपल्या ताटात कशाला, असं तू म्हणालीस म्हणे. ऐकून मला रडू आलं. पण आई, हे थांबव. बाबा, तुम्हीसुद्धा. कारण मला तुमच्या दोघांच्या रक्ताची तपासणी करून हवी आहे.

सीलिअ‍ॅक रक्ताच्या नात्यात उतरतो. ज्याला तो आहे त्याचे आई-वडील, भावंडं, मुलं यांत साधारण दहातल्या एकाला तो सापडतो. पोट दुखलंच पाहिजे असंही नाही. लहान आतड्याचं अस्तर झिजतं, लोह अंगी लागत नाही, आणि मोठ्या माणसात कधीकधी रक्त कमी असणं एवढीच खूण दिसते. बाबा, तुमचं हिमोग्लोबिन किती वर्षं दहाच्या आसपास आहे? लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वर का येत नाही, हे कुणी नीट पाहिलेलंच नाही. वय झालं की असं व्हायचंच, ही समजूत मला मान्य नाही. साठीनंतरही हा आजार निघतो.

टीटीजी नावाची रक्ततपासणी आहे. ग्लुटेन पोटात जात असेल तरच तिच्यात आजार दिसतो. गहू सोडून बसलात तर रिपोर्ट चांगला येईल आणि आजार तसाच लपून राहील. माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय की तपासणीआधी निदान सहा आठवडे रोज एकाहून जास्त जेवणांत गहू हवा. रिपोर्टमध्ये काही निघालं, तर एंडोस्कोपी होईपर्यंतही तो सोडायचा नाही. तेव्हा दोन्ही वेळा पोळी खा. सांजा करा, शेवयांची खीर करा. मध्येच पोट बिघडलं किंवा अशक्तपणा वाढला तर थांबून लगेच डॉक्टरांना सांगा. नवरात्रात फुलोऱ्याला कडाकण्या नेहमीसारख्या गव्हाच्याच कर, आणि दसरा झाला की मी येते. मिरजेला पोटाच्या डॉक्टरांकडे तिघं मिळून जाऊ. बाबांचं रक्त कमी असण्याची दुसरी कारणंही ते बघतील, ती बघायलाच हवीत. दादालाही तपासणी करायला सांगितली आहे.

माझी काळजी असेल तर एवढंच करा. घरघंटीत गहू घालू नका, तिच्यात फक्त ज्वारी, तांदूळ, नाचणी. गहू गिरणीतून दळून आणा. माझं पोळपाट-लाटणं आणि परात वरच्या फळीवर असू दे, लाकडात पीठ मुरतं आणि धुऊन जात नाही. तवाही वेगळा. एवढं सांभाळलं की एकाच स्वयंपाकघरात तुमची पोळी आणि माझी भाकरी दोन्ही होतील.

बाबा, गोळ्या रिकाम्या पोटी घेता ना? आणि वर लगेच चहा नको, त्याने लोह कमी शोषलं जातं. जुने रक्ताचे रिपोर्ट कपाटातल्या निळ्या फाइलीत आहेत, ते तारखेप्रमाणे लावून ठेवा, डॉक्टर मागतील.

आई, दिंडाच्या उकडीला पाणी किती घेतलंस ते लिहून कळव. आणि पोळ्या कोणत्या दिवशी सुरू केल्यात ते दादाकडून कळवा, म्हणजे तिथून सहा आठवडे मोजून मी डॉक्टरांची वेळ घेते.

तुमची,
सुमी