नागपूरच्या काकूंना, आमच्या पिंट्याकडून थँक्यू

काकू, नमस्कार,

फोन करायचा सोडून हे पत्र काय लिहितोय म्हणाल, पण फोनवर तुम्ही 'अवो राहू द्या ना' म्हणून विषय बदलता आणि भाजी काय केली विचारता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, आमच्याकडे इथे मेलबर्नला दोन बिअर्डी आहेत, म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन, ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला सरडा, चिडला की गळ्याची काटेरी दाढी फुगवून काळीकुट्ट करतो. पाळायला लायसन्स लागतं, ते काढलेलं. आधी एकटा तात्या होता. जुलैत एका दुकानात छोटा पिंट्या दिसला, दुकानदार म्हणाला टँक मोठा असेल तर राहतात की दोघं, आणि आपल्या डोक्यात तर पक्कं बसलेलं असतं की एकटा जीव कंटाळतो, सोबत पाहिजे, झालं, घेऊन आलो.

पहिले १५ दिवस आम्ही नुसते फोटो काढत होतो. दिव्याखालच्या दगडावर पिंट्या, त्याच्या अंगावर तात्या, अगदी मिठी मारल्यासारखे. पिंट्या मधूनच एक हात गोल फिरवायचा, आमची कन्या पण त्याला उलट हाय करायची. ऑगस्टमध्ये पिंट्याने खाणं सोडलं. आधी झुरळं सोडली (इथे खायला घालायची वेगळी मिळतात, बायको अजून त्या डब्याला हात लावत नाही), मग भाजी पण. मी नेटवर वाचून ठरवून टाकलं की इथला हिवाळा चालू आहे, शीतनिद्रेत गेला असणार, आणि वर शहाणपणा म्हणून पालक घालत होतो.

मग मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या लाइनमध्ये, कन्येने तुम्हाला तो हाय करतानाचा व्हिडिओ दाखवला. तुम्ही हातातलं ताट बाजूला ठेवलंत आणि म्हणालात, 'अवो, तो हाय नाही करून राहिला, तो हात जोडून राहिला. वेगळे करा आजच्या आज.' मला खरं सांगतो आधी रागच आला होता, म्हटलं या काकूंना काय माहीत. नंतर कळलं की तुमचा मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला आणि त्याचा बिअर्डी, राजा, ९ वर्षं तुम्ही सांभाळताय, ज्या बाई नागपूरला पाल दिसली की खुर्चीवर चढायच्या!

दुसऱ्या दिवशी ट्रेन बदलून घरी आलात, लेझरचा थर्मामीटर पर्समध्ये. दगडावर ४०, पिंट्याच्या कोपऱ्यात २३. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, मिठी कसली, तात्या त्याच्या डोक्यावर बसून सगळी ऊब आणि यूव्ही (दिव्याचे अतिनील किरण) स्वतः घेत होता, आणि ऊब नाही तर सरड्याला खाल्लेलं पचतच नाही, मग भूक लागणार कुठून. शेपटीचं टोक पण कुरतडलेलं होतं, आम्हाला दिसलंच नव्हतं. आपल्या घरातल्या पालीसारखी यांची शेपटी परत येत नाही हे पण तुम्हीच सांगितलंत. आणि वर्षाच्या आतलं पिल्लू सहसा शीतनिद्रेत जात नाही, गेलं तरी वजन असं झरझर उतरत नाही. किचनच्या काट्यावर ठेवला तर १२१ ग्रॅम, आणला तेव्हा १४२ होता. यूव्हीची ट्यूब जुन्या टँकसोबत आलेली, कधीची कोण जाणे. पेटते म्हणजे चालते असं नसतं हे त्या दिवशी समजलं. पालक बंद, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं, त्याऐवजी बोक चॉय आणि किसलेला लाल भोपळा.

वेगळे केले तरी पिंट्या ६ दिवस काहीच खाईना. मी रोज रात्री तुम्हाला फोन करायचो, तुम्ही सीरियल थांबवून ऐकायचात. दोन्ही टँक एकमेकांना दिसू देऊ नका, नुसतं समोर दिसलं तरी धाक राहतो, हे तुम्ही सांगितलंत म्हणून तात्या हॉलमध्ये आणि पिंट्या माझ्या ऑफिसच्या खोलीत (सगळं डबल घ्यावं लागलं, बायकोने बिल बघितलं आणि काही बोलली नाही, ते जास्त वाईट). शी तपासून घ्या म्हणून पण तुम्हीच मागे लागलात, सरड्यांच्या डॉक्टरांकडे नेली, जंत निघाले, औषध झालं. सातव्या दिवशी सकाळी मी मीटिंगमध्ये असताना मागून कुडूम असा आवाज आला, वळून बघतो तर झुरळाचे पाय तोंडाबाहेर. म्यूट करायला विसरलो आणि ओरडलो, ऑफिसला अजून कारण सांगितलेलं नाही.

काल वजन केलं, १६३. आता हात फिरवत नाही, भाजीची वाटी दिसली की काचेपाशी येऊन बसतो.

तुमचा थर्मामीटर अजून माझ्याकडेच आहे, आणि लाडवांचा डबा पण. शनिवारी दोन्ही घेऊन येतो. कन्या म्हणतेय पिंट्याला पण राजाला भेटायला नेऊ, तिला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा.